अकरा किलो तांबं

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज फळा तीनदा पुसला! सकाळी लिहिलेला तांब्याचा भाव चहापर्यंत शिळा. भंगाराच्या गोदामातून मालक निमेशशेठ ओरडतात — बलवंत, दस बढा! परत पुसतो तोवर — बलवंत, फिरसे! माझं नाव बळवंत आहे, पण इथे पाच वर्षांत कुणी ळ म्हणत नाही. खडू हाताला, हात तोंडाला. जिवल्या, माझा कामातला आणि खोलीतला जोडीदार, बघून म्हणाला, "मिशी पिकली तुजी. आता पोरगी कोन देल?"

एवढं काय झालं विचारलं. इंडोनेशिया म्हणून देश आहे. तिथे तांब्याची खाण, लय मोठी. आठ तारखेलाच तिच्यात चिखल शिरला. पण खाण लवकर चालू होणार नाही, हे लोकांना काल कळलं. म्हणून भाव आज. निमेशशेठनी मोबाईलवर भावाची रेघ दाखवली, सरळ वर गेलेली. खूश होते. गोदामात चार टन पडलंय.

चिखलात सात माणसं होती. दोन सापडली, मेलेली. पाच आतच. हे मी विचारलं म्हणून सांगितलं, नाहीतर त्या रेघेत ते कुठे दिसत नाही.

जिवल्या वायर सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "त्यांचे घरा कोनी सांगला असंल का?"

माझा डबा — नऊ किलो सहाशे. भाव कितीही वाढू दे, डब्याचं वजन तेवढंच.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी. कपडे धुतले. खोली झाडली. अकरा वाजले. मग काय करायचं?

दांडीच्या किनाऱ्याला गेलो. होड्या लागलेल्या, मासळीची निवड चाललेली. हंसाबाय कोळंबी वेगळी काढत बसलेली. मी दर शुक्रवारी तिथे दगडावर बसतो, हे तिला पाठ आहे. आज म्हणाली, "सुक्करवार आला का येतं, घेत तं काय नाय. तुजा कोन हरवलाय का रं समिंदरात?" बाकीच्या बाया हसल्या. मीही हसलो. परत येताना तिने मूठभर कोळंबी पिशवीत टाकली. पैसे देऊ लागलो तर हात झटकला.

शिजवली. एकट्याने खाल्ली. खारट झाली.

डब्याचं आजपर्यंत कुठे लिहिलं नाही. लिहितो. वाचणारं कोण आहे!

अण्णा म्हणजे माझा बाप. झुंबर पाणीवाला, पगारावर गावाला पाणी सोडणारा. विहिरीवर पत्र्याची खोली, खोलीत मोटार आणि पाणी सोडायचं चाक, आणि खोलीची किल्ली आमच्या घरात, दाराजवळच्या खिळ्याला. सगळ्या गावाचं पाणी त्या खिळ्याला टांगलेलं. आई मी लहान असतानाच गेली. घरात अण्णा, मी आणि कमळी. कमळी माझी मोठी बहीण, तिचं सासरही गावातलंच, दोन गल्ल्या सोडून.

लॉकडाऊन लागला तेव्हा मी अठराचा. शाळा सातवीत सोडलेली. सगळं बंद, पण भाजीचा टेम्पो यायचा, आणि टेम्पोवाला गुपचूप भंगार घ्यायचा. मला मोबाईल पाहिजे होता. दुसरं काही नाही — मोबाईल! दुपारी अण्णा झोपलेले. किल्ली काढली. मोटार उघडली, छिन्नीने वायंडिंग तोडून ओढलं, गोणीत भरलं. अकरा किलो भरलं टेम्पोवाल्याच्या काट्यावर.

आणि बाहेर येऊन कुलूप परत लावलं. लावून ओढून बघितलं. अण्णांनी लहानपणापासून तेच शिकवलेलं — नुसतं लावायचं नाही, ओढून बघायचं. किल्ली होती तशी खिळ्याला.

कुलूप तोडलं असतं तर चोर कुणीही ठरला असता. बाहेरचा, वरच्या आळीचा, कुणीही. मी ते ओढून बघितलं आणि चोर आमच्या घरात आणून सोडला.

दीड महिना बायका ओढ्यातल्या झऱ्यावर. वाटीवाटीने भरायच्या. कमळीला सातवा महिना, तीही. तीन आठवडे बघितलं. मग त्याच टेम्पोत बसून पळालो. अण्णांचा पगार बंद झाला एवढं नंतर कमळीने फोनवर सांगितलं. पुढचं विचारलं की ती पोराचं सांगत बसते. आणि अण्णा फोनवर येत नाहीत. एकदाही नाही.

म्हणून डबा. पैसे न्यायचे नाहीत. पैसे नेले तर लोक म्हणतील, हे तरी कुठून आणले. तांबं नेलं अकरा किलो, तांबं आणायचं अकरा किलो. पारावर ठेवायचं, सगळ्यांसमोर, आणि म्हणायचं — अण्णा नव्हते. मी होतो.

बस. लिहिलं.

२८ सप्टेंबर

भाव तसाच. पाच माणसंही तशीच.

२ ऑक्टोबर, दसरा

काट्याची पूजा. मोठे शेठ, म्हणजे निमेशशेठचे वडील कमलाकांत शेठ, स्वतः पालघरहून आले. काट्याला झेंडू, हळद-कुंकू, वर एक पेढा. जिवल्याने वजन बघितलं पेढ्याचं. बावीस ग्रॅम!

आमच्या गोदामात झाडणीची रीत आहे, मोठ्या शेठच्या वडलांपासूनची. ते सफाळ्याच्या गावांतून हातगाडी फिरवून फुटकी भांडी गोळा करायचे, तेव्हापासून. वायर सोलताना टोकं उडतात, भुगा पडतो. आठवड्याच्या शेवटी जो झाडतो त्याची ती झाडण. एक आठवडा जिवल्या, एक आठवडा मी. जिवल्या त्याची त्याच दिवशी काट्यावर टाकतो, पैसे घेतो, बोईसर स्टेशनला जाऊन उडवतो. मी चाळतो, चुंबक फिरवून लोखंड काढतो, आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात भरतो. डबा खाटेखाली. साडेतीन वर्षं झाली.

जिवल्या सगळ्यांना सांगतो, "लोक बायको घेऊन निजतं, ह्यो डबा घेऊन."

मागच्या आठवड्याची धरून नऊ किलो नऊशे.

६ ऑक्टोबर

राहिलेली पाचही सापडली. कुणी जिवंत नाही.

मला वाटलं, आता भाव उतरेल. शोध संपला ना! निमेशशेठ हसले. "अरे, आदमी का नाही, माल का भाव है." खाण बंद ती बंदच. माल कमी, मागणी तेवढीच. मग त्यांनी बराच वेळ समजावलं, आज गिऱ्हाईक नव्हतं म्हणून. चिलीत कामगार संपावर गेले की भाव वर. पेरूत गावकऱ्यांनी ट्रक अडवले की वर. चीनमध्ये घरं बांधायची थांबली की खाली. डॉलर हलला की हा हलतो. विजेच्या एका मोटारगाडीत ऐंशी किलो तांबं जातं म्हणे. ऐंशी! आणि जुलैत अमेरिकेने परदेशी तांब्यावर जकात लावणार म्हणून सांगितलं, तर तिथे सगळ्यांनी माल भरून ठेवला. मग आयत्या वेळी चोख तांबं वगळलं. एका दिवसात तिथला भाव पाचवा हिस्सा पडला!

म्हणजे जगात कुठे काय झालं ते सगळं आमच्या फळ्यावर येतं. माझ्याच हाताने.

आमच्या गावातून अकरा किलो गेलं ते कुठल्या फळ्यावर आलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी नाही. दिवाळीचा रंग. गोदामाला चुना मारायचा, पण काट्यामागची भिंत सोडून. तिथे मोठ्या शेठनी दर लाभपंचमीला, दिवाळीनंतर धंदा उघडायच्या मुहूर्ताला, कुंकवाने भाव लिहिलाय. एका वर्षाची एक ओळ, चोख तांब्याचा किलोचा भाव. वरून खाली. जुन्या ओळी तपकिरी झाल्यात.

कडेने चुना मारता मारता वाचल्या. २००३ला १०५. २००६ला ३४५! २००८ला २००. २०१०ला ३८५. २०१६ला ३३०, म्हणजे सहा वर्षांत मागेच. २०१९ला ४४०. २०२०ला ५३५. २०२१ला ७३५. मागच्या वर्षी ८४५.

मोठे शेठ खुर्चीवर बसून आमच्यावर नजर ठेवत होते. मी २००८वर थांबलो तसे म्हणाले, "तो वाचू नको. तो मी आहे." मग सांगत बसले. "उन्हाळ्यात पावणेचारशे होता. सगळे बोलले, विका. मी बोलला, पाचशे होणार. पकडून बसला. दिवाळीला दोनशे, नाताळला दीडशे. अमेरिकेत लोकांनी घराचे हप्ते नाय भरले, आणि बोईसरला माझी झोप गेली! समजला? तांबा पकडून बसायचा नाय, बलवंत. तो डबा विक."

डब्याचं सगळ्या जगाला माहीत आहे, कारण जिवल्या!

मी वेगळंच शोधत होतो. एप्रिल २०२०. मोठ्या शेठना विचारलं, तेव्हा काय होता? म्हणाले, "साडेतीनशे. दुकानच बंद, लिहिणार कोण?" भिंतीवर नाही तो. ४४०च्या खाली सरळ ५३५. जसं मध्ये काही झालंच नाही.

मला दीडशेने दिले होते टेम्पोवाल्याने.

१४ ऑक्टोबर

गुजरातेतून जुन्या पाण्याच्या मोटारींचा लॉट आला. मला मोटार उघडायला आवडत नाही. छिन्नी धरली की दुपार आठवते. पण काम आहे.

तिसरी उघडली. वायंडिंग लालसर, एकदम तांब्यासारखं. उचललं तर हाताला हलकं लागलं. ब्लेडने खरवडलं — आत पांढरं. ॲल्युमिनियम! वरून नुसता लालसर मुलामा. बाराच्या लॉटात सात अशाच.

निमेशशेठनी आणणाऱ्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या. मोठे शेठ शांत. म्हणाले, "तांबा महाग झाला की लोक त्याच्याशिवाय जगायला शिकतात."

१६ ऑक्टोबर

जिवल्या गेला. भात कापायचं आहे, दिवाळी आहे, आणि बायको लाडकी वाट बघते. पंधरा दिवस येणार नाही. घरच्यांना घ्यायची खरेदी म्हणून बाजारात मला घेऊन गेला. लाडकीसाठी बांगड्या. तीन दुकानं फिरला. मी म्हटलं, कुठल्याही घे रे. म्हणाला, "तुला नाय कळनार. तू डब्याला घालशील."

काल वर्षाची मोठी झाडण निघाली, यंत्रांखालची, मांडण्यांमागची. दोघांना अर्धी अर्धी. एस.टी.त चढताना त्याने त्याची पिशवी माझ्या हातात दिली. "डब्यात टाक. काय इचारू नको." मी नको म्हणत होतो. "आरं, आमी तं घरा जातंय. तूबी जा कवातरी."

त्याला डबा कशासाठी ते माहीत नाही. कधी विचारलं नाही त्याने. बाकी सगळ्याची चेष्टा करतो.

खोलीत दोन खाटा. एक रिकामी. आज पहिल्यांदा कळलं, तो झोपेत किती बडबडतो ते.

१८ ऑक्टोबर

चाळून, चुंबक फिरवून, गोदामाच्या काट्यावर वजन केलं. तीनदा केलं.

अकरा किलो चाळीस.

कुणाला सांगू? कुणी नव्हतं. काट्यालाच म्हटलं — झालं.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. गोदाम बंद. मोठ्या शेठच्या घरून डबाभर घुघरे, म्हणजे त्यांच्या करंज्या, आणि तिखट मठिया आल्या. दारात एक पणती लावली. वाऱ्याने विझली. परत लावली.

२३ ऑक्टोबर

कमळीला फोन केला. याच मोबाईलवरून, तांब्याच्या पैशांत जुना घेतला त्याच! काच तडकली, बॅटरी दोनदा बदलली, पण टाकवत नाही. तिचं पोर बोललं. पाच वर्षांचं झालं. "मामा, तू कसा दिसतो?" म्हटलं, "आईला विचार." ते म्हणालं, "आई म्हणती अण्णासारखा."

अण्णा कुठेत, कमळीला विचारलं. "पाण्याकडं गेलेत," म्हणाली आणि एकदम पोरावर ओरडली. पाण्याकडे? पगार बंद झाला, मग पाण्याकडे कशाला? विचारलं नाही. तांबं घेऊन येतोय हेही सांगितलं नाही. लाभपंचमी होऊ दे. रजा मागून मग सांगतो.

२६ ऑक्टोबर, लाभपंचमी

नीट लिहितो.

मुहूर्ताला पहिलं तांबं जो काट्यावर ठेवतो, त्याच्याकडून कट न मारता, म्हणजे काही न कापता, चोख भावाने घेतात, आणि तोच भाव भिंतीवर जातो. एरवी कुणीतरी ओळखीचा भंगारवाला असतो. आज पूजा झाली, नारळ फुटला, आणि मोठे शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "या वर्षी बलवंतचा डबा. जा, आण. हजारच्या वर आहे भाव! एवढा कधी नव्हता. पाच वर्षं नोकरी केली पोराने, त्याचा मान."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी डबा आणला. काट्याशेजारी उभा राहिलो. ठेवला नाही.

"ठेव ना!"

"शेठ, विकायचं नाही."

निमेशशेठ चिडले. "पागल है क्या? मुहूर्ताला नाही म्हणतो? वर्षभर काट्याला नाट लागेल!" खरंच आहे. मुहूर्ताला पहिला माल परत गेला तर अपशकुन. मग तोंडातून निघालंच. मोटार, किल्ली, कुलूप, सगळं. मराठीत, हिंदीत, कसंही. ज्यांना कळलं नाही त्यांना बाजूचे सांगत होते. चोर म्हणून हाकलतील वाटलं. भंगाराच्या गोदामात चोरीचं तांबं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

मोठ्या शेठनी एवढंच विचारलं, "कुठलं साल?"

"वीस. एप्रिल."

"काय भाव दिला तुला?"

"दीडशे."

हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. निमेशशेठनी पाणी दिलं. मग काठी टेकत भिंतीपाशी गेले. ४४० आणि ५३५ या दोन ओळींच्या मध्ये बोट ठेवलं. तिथे नुसती कोरी भिंत. म्हणाले, "म्हणजे तू इथे आहे." परत आले. "मी विकायला पकडून बसला होता. परत द्यायला पकडून बसलेला मी पहिल्यांदा बघतो. ठेव काट्यावर. घेत नाय, नुसता वजन करतो."

अकरा किलो चाळीस ग्रॅम.

"तुझे अकरा. चाळीस ग्रॅम कोणाचे?"

"कुणाचे नाहीत."

"मग ते मला विक."

डब्यातून चिमूट चिमूट काढत काटा अकरावर आणला. चाळीस ग्रॅमचे, किलोला एक हजार चार रुपये भावाने, चाळीस रुपये सोळा पैसे. एक्केचाळीस दिले. नाट गेली! मग कुंकवाची वाटी माझ्या हातात दिली. भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ माझ्या अक्षरात आहे. २०२५ — १००४. चारचा आकडा वाकडा आलाय.

आठ दिवसांची रजा. पगारी.

२७ ऑक्टोबर

कमळीला सांगितलं. शनिवारी निघतो, अकरा किलो घेऊन, पारावर ठेवणार, सगळ्यांना बोलावून ठेव.

मला वाटलं रेंज गेली. हॅलो, हॅलो केलं. मग म्हणाली, "पारावर नको रे." मी म्हटलं, पारावरच. म्हणाली, "थांब. अण्णांना विचारते."

यात विचारायचं काय?

२८ ऑक्टोबर

फोन नाही. मी केला तर उचलला नाही.

२९ ऑक्टोबर

फोन नाही. लंडनच्या बाजारात म्हणे आजवरचा सगळ्यात मोठा भाव झाला. निमेशशेठनी जिलेबी आणली. मी एक खाल्ली. डब्याला सुतळी बांधली, सोडली, परत बांधली.

३० ऑक्टोबर

सकाळी फळा पुसत होतो, तेव्हा कमळीचा फोन आला.

अण्णांनी शपथ घातलेली, म्हणून पाच वर्षं गप्प होती म्हणाली. मी पळालो त्याच आठवड्यात अण्णा सगळ्या गावासमोर उभे राहिले आणि म्हणाले — मोटार मीच फोडली, मीच विकली, पोरगं कामाला गेलंय, त्याचा काय संबंध नाही. म्हणून माझ्यामागे कुणी आलं नाही. गावाने दंड म्हणून फुकट पाणी सोडायला लावलं. अजून सोडतायत. म्हणून पारावर नको, अण्णा सगळ्यांसमोर खोटे पडतील.

मग फोनवर अण्णा. पाच वर्षांनी. आधी नुसता खोकला.

"तांबं नको आणू. मोटार आता ॲल्युमिनियमची हाय."

परत खोकला. मग — "मला चाक फिरवाया जमत न्हाय आता. किल्ली खिळ्यालाच हाय."

आतून निमेशशेठ ओरडतायत, बलवंत, भाव लिख! खडू हातात आहे. फळा कोरा.

चाललो.